दोन्हीकडून लिपलेली भिंत

मित्रांनो, मी एक पडलेली भिंत आहे. भिंत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी उंच आणि ताठ उभं राहत असेल. माझं तसं आता काही उरलेलं नाही. गुडघाभर उंचीचा मातीचा ढिगारा, त्यात थोडे दगड, थोडा भुसा आणि मधोमध जाण्यायेण्याची वाट, एवढीच मी शिल्लक आहे. शेळ्या माझ्यावर चढतात, कोंबड्या मला उकरतात. त्याचं मला बिलकुल वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते मी फार उशिरा पडले याचं.

परतूरच्या अलीकडे, काळ्या रानातल्या एका लहान गावात माझा जन्म झाला. साल होतं एकोणीसशे एक्याऐंशी. त्याच उन्हाळ्यात जालना हा नवा जिल्हा झाला आणि आमचा परतूर तालुका परभणीतून निघून जालन्यात गेला. गावातली माणसं पारावर बसून थट्टेनं म्हणायची, "सरकारनं जिल्हा तोडला आन् रामरावनं घर तोडलं." थट्टा अर्धीच खरी होती. घर एकट्या रामरावनं तोडलं नव्हतं.

रामराव थोरला आणि भुजंग धाकटा. आईबाप लवकर गेले तेव्हा रामरावनंच या धाकट्या भावाला वाढवलं. औत हाकायला, पेरायला, चिखल तुडवून भिंत लिपायलासुद्धा त्यानंच शिकवलं. भुजंग होता डावखुरा. तो लिपायला लागला की मातीवर बोटांच्या कमानी उलट्या उमटायच्या. रामराव हसून म्हणायचा, "गड्या, तुझं लिपणं आरशात बघून केल्यावानी दिसतंय." दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एकच मोठं अंगण. रामरावची बायको चतुराबाई आणि भुजंगची मालनबाई, दोघी एकाच चुलीवर भाकरी करायच्या. हे सगळं माझ्या आधीचं. त्या दोघींच्या बोलण्यातून ते माझ्या कानावर आलं.

मग रामरावच्या एकुलत्या एक लेकीचं, नंदाबाईचं लग्न निघालं. भुजंगनं त्या लग्नात जीव तोडून काम केलं. मांडव त्यानं घातला, पाणी त्यानं भरलं, वऱ्हाडाची बडदास्त त्यानं ठेवली. शेवटी मानपान सुरू झाले. सोयऱ्यांना टॉवेल-टोपी झाली, गावच्या पाटलाला झाली, परतूरहून आलेले कापसाचे अडते जेठमल शेठ यांनाही झाली. भुजंगचं नाव काही निघालं नाही. तो हातात पाण्याची बादली घेऊन उभा होता. कुणीतरी एक चावट पाहुणा म्हणाला, "भुजंगराव, तुमची टोपी कुठं हाय?" बसलेले लोक हसले. रामराव तिकडून मोठ्यानं म्हणाला, "त्याला कशाची टोपी? तो घरचा हाय!"

मित्रांनो, रामरावच्या मनात यात मायेशिवाय काही नव्हतं. टोपी परक्याला द्यायची असते. आपल्याच हाताला कुणी आहेर करतं का? पण भरल्या मांडवात, सगळे हसत असताना, भुजंगच्या कानाला तो शब्द निराळाच लागला.

लेक सासरी गेली. मांडव रिकामा झाला. भुजंग भावासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, मी घरचा का घरगडी? एकदा सांग."

रामराव लेकीला निरोप देऊन नुकताच परतला होता. तो वैतागून म्हणाला, "गडी असतास तर निदान सांगितलेलं ऐकलं तरी असतंस. जा, नीज."

झालं. शब्दानं शब्द वाढत गेला. भुजंग तडक खंडोबाच्या देवळात गेला आणि त्यानं बेलभंडारा उचलला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन जे बोलायचं, ते आमच्याकडे मोडत नाहीत. तो म्हणाला, "अंगणात भिंत घालतो. ती भिंत उभी हाय तवर तुझं तोंड बघणार न्हाई, तुझ्याशी बोलणार न्हाई." मागून आलेल्या रामरावनं तोच बेलभंडारा त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाला, "मीबी."

अशी मी जन्मले. पावसाच्या आत मला उभी करायची होती, म्हणून दोघं भाऊ कामाला लागले. एक इकडून दगड लावायचा, एक तिकडून. एकमेकांकडे न बघता, न बोलता त्यांनी मला बराबर सरळ रेषेत बांधलं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मातीच्या भिंतीला दरवर्षी पावसाआधी लिपावं लागतं. वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकून मातीचा थर द्यावा लागतो. नाहीतर पाणी आत शिरतं आणि भिंत बसते. सुरुवातीची वर्षं दोघांनी मला चढाओढीनं लिपलं. रामरावकडची बाजू गुळगुळीत झाली की भुजंग आपली बाजू दुप्पट गुळगुळीत करायचा. गावात नवा माणूस आला की त्याला मुद्दाम माझ्याजवळ आणायचे आणि म्हणायचे, "मातीची भिंत बघावी तर ही." एवढं कौतुक क्वचितच कुठल्या भिंतीच्या वाट्याला आलं असेल. पण कौतुक करणारे निघून गेले की इकडं एक माणूस गुमान बसलेला असायचा आणि तिकडं एक.

भाऊ मोठे हट्टी, पण बिनडोक नव्हते. बोलायचं नाही अशी आण होती, आवाज ऐकायचा नाही अशी नव्हती. त्यातून त्यांनी वाट काढली. सकाळी औत जुंपताना भुजंग आपल्या बैलाला मोठ्यानं सांगायचा, "सर्ज्या, आज माळाच्या रानात पेरणी धरायची बरं का!" इकडून रामराव तितक्याच मोठ्यानं बायकोला म्हणायचा, "अगं, त्या सर्ज्याला सांग, माळाला अजून वाफसा न्हाई, रान लई ओलं हाय. दोन दिस थांब म्हणावं." सर्ज्या दोन दिवस थांबायचा. पुढे सर्ज्या म्हातारा होऊन गेला, दुसरे बैल आले, तरी भुजंग हाक सर्ज्यालाच मारायचा. मालनबाई पदरात तोंड लपवून हसायची. मीही हसले असते, मला तोंड असतं तर.

तोंडं मात्र त्यांनी खरोखर बघितली नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही माना वळवायचे. परतूरच्या बाजारात जेठमल शेठ त्यांना आपल्या गादीवर पाठीला पाठ लावून बसवायचे आणि मुद्दाम म्हणायचे, "रामरावजी, भुजंगचा कापूस औंदा तुमच्याहून पांढरा हाये." मग रामरावची छाती फुगायची, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून तो उपरणं पुढं घ्यायचा. हे चतुराबाईनं माझ्यावरून कोथिंबिरीची जुडी पलीकडं देताना मालनबाईला सांगितलं. बायकांनी कसली आण घेतलेली नव्हती. त्यांच्या वाट्या माझ्या डोक्यावरून रोज इकडून तिकडं जायच्या.

वर्षं गेली. रामरावला दमा लागला. शेत बटाईनं दिलं, आणि त्यानं आपली बाज अंगणात, माझ्या अगदी पायाशी टाकली. लोकांना सांगायचा, सावली चांगली पडते. सावली कसली! तिथून भुजंगचा आवाज नीट यायचा.

एकदा भुजंग तापानं फणफणला. त्याचं कण्हणं माझ्यातून इकडं येत होतं. रामराव बाजेवर उठून बसला आणि त्यानं माझ्यावर हात टेकला. दिवसभर त्यानं तो काढला नाही. चतुराबाई चार वेळा पलीकडं जाऊन आली. "आता घाम फुटला, ताप उतरून राह्यला," असं तिनं सांगितलं तेव्हा हा थोरला माणूस माझ्यावर कपाळ ठेवून लहान पोरासारखा रडला.

त्या उन्हाळ्यात चतुराबाई माती कालवायला निघाली तर तो म्हणाला, "औंदा लिपू नको."

"आन् पडली तर?"

"पडू दे. म्या पाडली न्हाई, त्यानं पाडली न्हाई. पावसानं पाडली. मंग कुणाची आण मोडत न्हाई आन् कुणाला नमावंबी लागत न्हाई."

मित्रांनो, भिंतीला काय हवं असतं असं कुणी कधी विचारत नाही. पण ते ऐकून मला जो आनंद झाला तो मी तुम्हाला काय सांगू! मी पडायच्या तयारीला लागले. पाऊस आला की मी अंग सैल सोडायची. पहिल्या वर्षी रामरावकडचं लिपण गळालं. पुढच्या वर्षी त्याच्या पन्हळीचं पाणी माझ्या पायात शिरलं. त्याच्या पुढच्या वर्षी मी त्याच्या बाजूला चांगलीच कलले. ढेकूळ पडलं की रामराव बाजेवरून हात लांब करून ते उचलायचा आणि कौतुकानं बघायचा.

"ती बाज तरी सरकवा," चतुराबाई ओरडायची. "अंगावर यील एखाद्या दिशी."

"आली तर आली. भुजंग तर दिसंल."

आता फार झालं तर एक पावसाळा, असं मला वाटत होतं. रामरावलाही तसंच वाटत होतं. अंकुशनगरला नंदाबाईच्या धाकट्या मुलाचं जावळ होतं. तिचा नवरा तिथं साखर कारखान्यात कामाला. रामराव आणि चतुराबाई तिकडं चार दिवस राहायला गेले. जाताना रामराव माझ्याकडं बघून हसला. मी त्याला इतकं प्रसन्न क्वचितच पाहिलं होतं.

भुजंगला यातलं काही ठाऊक नव्हतं; पलीकडं चकार शब्द काढायचा नाही, असं रामरावनं चतुराबाईला बजावलं होतं. आपल्या बाजूनं तो मला नेमानं लिपत होता, कारण रामरावही लिपतच असेल असं तो धरून चालला होता. म्हशीला पाणी पाजायला मालनबाई त्या मोकळ्या घरी गेली आणि घाबरून परत आली.

"अवं, त्या अंगानं भिंत पार खचली. आन् भावजींची बाज तिच्या बुडाशी हाय."

भुजंग धावत आला. त्यानं माझी ती बाजू पाहिली, खालची बाज पाहिली, उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या पाहिला.

"दादाला आता होत न्हाई गं लिपणं," तो म्हणाला. "आन् मी मेला पलीकडंच असून मला कळलं न्हाई. झोपेत अंगावर आली असती तर?"

मी ओरडून सांगितलं असतं, "अरे, लिपू नकोस! त्याला मी पडायला हवी आहे!" पण भिंतीला कान असतात म्हणतात, तोंड कुठं असतं?

भुजंगनं माझ्या पायात दगड ठोकून बसवले. गव्हाचा भुसा आणि शेण घालून माती कालवली, ती तुडवून तुडवून लोण्यासारखी केली आणि थरावर थर दिले. इतक्या मायेनं मला जन्मात कुणी लिपलं नव्हतं. डाव्या हाताच्या उलट्या कमानी माझ्या अंगभर उमटल्या. मालनबाई हात देत होती. ती म्हणाली, "वैनी आल्या की सांगते, तुमी लिपली म्हणून."

"बिलकुल सांगू नको. दादाला वाटंल, उपकार करून राह्यलो."

तिथं माझं नशीब फुटलं, मित्रांनो. माझं म्हणजे त्या दोघांचं.

रामराव परत आला. अंगणात पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला. हळूहळू माझ्यापाशी आला. त्यानं त्या उलट्या कमानींवर बोट फिरवलं. कुणाचा हात, हे त्याला विचारावं लागलं नाही. त्यानंच तो शिकवला होता.

"बघ," तो चतुराबाईला म्हणाला. "माझी बाजूबी लिपून गेला. त्याला मी दिसायलाच नको."

"असं कसं? मी मालनला विचारून येते."

"न्हाई. विचारायचं न्हाई आन् सांगायचंबी न्हाई, माझी शपथ हाय तुला. भीक मागायची न्हाई."

त्यानं बाज उचलायला लावली आणि घरात, पार आतल्या भिंतीकडं टाकायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंग नेहमीसारखा ओरडला, "सर्ज्या, आज मळ्यात नांगर धरायचा बरं का!" इकडून उत्तर आलं नाही. तो थोडा वेळ थांबला, पुन्हा म्हणाला. मग त्यानं बैल हाकले. रोज सकाळी तो सांगायचा, रोज थांबायचा. पेरणी आली, तो विचारत राहिला. कापूस फुटला, तो विचारत राहिला. आवाज चढवायचा, दादाला ऐकू कमी येत असेल म्हणून. दादाला सगळं ऐकू येत होतं. तो आत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. दोन माणसं माझ्या दोन बाजूंना झुरत होती आणि दोघांचंही खरं कारण माझ्या एकटीच्या पोटात होतं. तसलं ओझं कुठल्या दगडावरही येऊ नये.

पुढच्या चैत्रात रामराव गेला. सकाळी चतुराबाई चहा घेऊन गेली तर तो उठला नाही. तिनं फोडलेला हंबरडा ऐकून भुजंग हातातलं दावं टाकून पळत सुटला, तो थेट माझ्यापाशी येऊन थांबला.

अंगणात माणसं जमली. रामरावला बाहेर आणून ठेवलं. नंदाबाईला अंकुशनगरला निरोप गेला. रामरावला मुलगा नव्हता. मडकं धरायचं ते भुजंगनंच. आणि भुजंग तर माझ्या पलीकडं उभा. साळूबाई नावाची गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठी टेकत त्याच्याकडं गेली.

"भुजंग, चल लेकरा. आता कशाची आण? मेलेल्या माणसाला आण न्हाई."

"मावशी, तो मेला," भुजंग म्हणाला. "मी हाय की अजून. बेलभंडारा म्या उचलला व्हता. भिंत उभी हाय तवर कसं तोंड बघू?"

त्यानं कुदळ उचलली.

मित्रांनो, त्या वेळी मी माझी सगळी शक्ती पणाला लावली. पड, पड, असं मी स्वतःला सांगत होते. पण चैत्राच्या उन्हानं मी भाजून निघाले होते. भुशानं आणि शेणानं धरलेली ती माती दगडासारखी झाली होती. कुदळ माझ्यावर आदळायची आणि मागं फिरायची. भुजंग घामानं निथळत होता, रडत होता आणि मला शिव्या देत होता. खाली त्यानंच ठोकून बसवलेले दगड हलेनात. गावातली चार माणसं पहारी घेऊन धावली, तर त्यांना म्हणाला, "कुणी हात लावू नका. ही माझी हाय." रामरावच्या अंगणात माणसं ताटकळली. ऊन चढलं. नंदाबाई येऊन पोहोचली, बापाच्या पायावर पडून रडली, उठून डोळे पुसले, आणि इकडच्या बाजूनं हातांनीच माझी माती ओरबाडायला लागली. तिला पाहून चतुराबाईही उठली.

शेवटी मी मधोमध फुटले. धूळ उडाली. त्या धुळीतून भुजंग आत आला.

त्याच्या मनातला रामराव काळ्याभोर मिशांचा होता. बाजेवर एक पांढरा, वाळलेला म्हातारा निजला होता. भुजंगनं चतुराबाईकडं पाहिलं, जणू विचारत होता की हा कोण. मग खाली बसला आणि त्यानं ते तोंड दोन्ही हातांत धरलं.

"दादा, मी आलो. भिंत पडली बघ. आता तरी बघ की माझ्याकडं."

त्यानं मान वर केली. तो म्हणाला, "वैनी, दादानं मला जबाब देणं का सोडलं? मी काय केलं व्हतं?"

तेव्हा चतुराबाई बोलली. "भावजी, ही भिंत पडावी म्हणून त्यांनी तीन पावसाळे हिला हात लावू दिला न्हाई. पडंल आन् तुमी दिसाल, म्हणून बुडाशी बाज टाकून बसले व्हते. आन् तुमी येऊन लिपून गेल्ता."

"वैनी," भुजंग म्हणाला, "त्याच्या अंगावर पडंल म्हणून लिपली."

चतुराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. भुजंग आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिला. मी तिथं फुटून पडले होते, तरी मला वाटलं, मी आता खरी फुटले.

रामरावला उचलायची वेळ झाली. लोक रस्त्याच्या दाराकडं वळले, तर भुजंग आडवा आला.

"तिकडून न्हाई. माझ्या अंगणातून न्या."

मग चौघांनी रामरावला माझ्यावरून नेलं. माझ्या मातीवर त्यांचे पाय रुतत होते. पुढं मडकं धरून भुजंग होता. इतक्या वर्षांनी थोरला भाऊ धाकट्याच्या अंगणात आला, तो खांद्यावरून. मालनबाई आपल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. घरी आलेल्या माणसाला द्यायचं म्हणून तिनं तो भरला होता. नंतर ती तो धरून तशीच उभी राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. माझं मागणं तसं नाही. माझी काळजी दोघांनीही घेतली, आणि एकानं तर जिवापाड मायेनं घेतली. मी मागते ते एवढंच, की तुमच्या माणसानं केलेलं काही मनाला लागलं, तर त्याला जाऊन विचारा, का केलंस म्हणून. रामराव अंकुशनगरहून परत आला, त्या दिवशी माझं लिपण अजून ओलं होतं. त्यानं तेवढं एक विचारलं असतं, तर दोघं भाऊ दोन्हीकडून मला पाडायला आले असते आणि मी तिथल्या तिथं खाली बसले असते.